संकटात पहिली हाक देवाला की शेवटची?

चंद्रभागा

नमस्कार मंडळी.

संकट आले की आपण आधी ओळखीचा डॉक्टर शोधतो, वकिलाला फोन करतो, भावाकडे पैशांची चौकशी करतो, आणि सगळीकडचे मार्ग खुंटले की मग देवासमोर उभे राहतो. ‘आता सगळे देवाच्या हाती’ हे वाक्य आपल्या घरांत बहुधा डॉक्टरांनी हात टेकल्यावरच ऐकू येते. मला हा क्रमच उलटा वाटतो. ज्याला जन्मभर मायबाप म्हटले, त्याला आपल्या घरावर कोसळलेल्या संकटाची बातमी सर्वांत शेवटी द्यायची, हे मला पटत नाही.

सोलापूर जिल्ह्यात आयुष्य गेल्यामुळे दुष्काळ मी जवळून पाहिला आहे, आणि या विषयाचा विचार करताना मला पहिल्यांदा तुकोबाच आठवतात. १६३० च्या सुमारास दख्खनवर जो भीषण दुष्काळ पडला, त्यात देहूच्या या महाजनाच्या घराचे दिवाळे निघाले, पत गेली, थोरली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली आणि संतोबा हा मुलगाही गेला. त्यानंतर हा माणूस भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसला, परत आल्यावर त्याने विठ्ठलाचे मोडकळीला आलेले देऊळ दुरुस्त केले, आणि लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते, धाकट्या कान्होबाचा वाटा त्याला देऊन, आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली असे परंपरा सांगते. ‘बरें जालें देवा, निघालें दिवाळें’ असे म्हणण्याचे बळ त्या माणसाला कोठून आले असेल, याचा विचार मी अनेक वर्षे करीत आहे. गेलेले परत दे, असे मागणे त्या अभंगात कोठेही नाही.

मला आपणा सर्वांना विचारायचे आहे, की संकटाच्या पहिल्या घटकेला आपण देवाकडे वळता का, आणि वळल्यावर त्याच्याकडे काय मागता?

शंतनू_भा

चंद्रभागाताई, आपण विषय मनापासून मांडला आहे, म्हणून मतभेदही मनापासूनच नोंदवतो. तुकोबांचे उदाहरण आपल्या मुद्द्याला पुरेसा आधार देत नाही, असे मला वाटते. ते डोंगरावर गेले ते सर्वस्व गेल्यानंतर. त्याआधी त्यांनी दुकान सावरण्याचा, बैलांवर माल लादून व्यापार करण्याचा आणि कर्ज काढण्याचा प्रयत्न केलाच होता. म्हणजे त्यांचाही क्रम आपण ज्याला उलटा म्हणता तोच होता.

दुसरे असे, की त्याच दुष्काळात हजारो माणसे विठ्ठलाचे, खंडोबाचे, भवानीचे नाव घेत मेली. त्यांचे अभंग आपल्यापर्यंत आले नाहीत. जो तरला आणि ज्याने लिहून ठेवले, त्याच्याच अनुभवावरून प्रार्थनेचे मोल ठरवणे मला न्याय्य वाटत नाही.

तळकोकणी_डॉक्टर

मी श्रद्धावान आहे, घरी रोज देवपूजा करतो, आणि तरीही या धाग्याच्या शीर्षकाने मला अस्वस्थ केले. कोकणात वैद्यकी करताना ‘आधी देव’ या दोन शब्दांची किंमत मी माणसांच्या प्राणांत मोजलेली पाहिली आहे.

आमच्याकडे फुरसे चावणे ही पावसाळ्यातली आणि भातकापणीच्या दिवसांतली नित्याची गोष्ट आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्या देशात तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तर ती कित्येक दशके तयार होत आली आहे. तरीही रुग्णाला आधी देवळात नेऊन अंगारा लावणे, मग मांत्रिकाकडे उतारा करणे आणि पाय सुजून लघवीतून रक्त जाऊ लागल्यावर दवाखान्यात आणणे, हा क्रम मी अनेकदा पाहिला. लाल विंचवाच्या दंशाने एके काळी कोकणात शंभरातले तीस ते चाळीस रुग्ण दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यावर करून दाखवला आणि ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पण ते औषधदेखील वेळेवर पोटात गेले तरच उपयोगी पडते.

म्हणून माझे सांगणे इतकेच आहे, की हाक कोणालाही आधी मारा, पण गाडी आधी सुरू करा. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेत बसल्यावर रुग्णालयापर्यंतचा सगळा वेळ प्रार्थनेसाठी मोकळाच असतो.

माळकरी

डॉक्टरसाहेब, आपल्या बोलण्याला वारकऱ्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. अरणचे सावता महाराज मळ्यातले काम सोडून पंढरीला गेले नाहीत, आणि तरीही आम्ही त्यांना संतच मानतो. नामस्मरणाला आसन लागत नाही, स्नान लागत नाही, मुहूर्त लागत नाही. हात कामात आणि मुख नामात, असे असेल तर पहिले कोण आणि दुसरे कोण हा प्रश्नच उरत नाही.

संहिता

आपल्या ग्रंथांनी हा प्रश्न फार बारकाईने हाताळला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

संकटातल्या धाव्याचे उदाहरण म्हणून गजेंद्राची कथा सर्वत्र सांगितली जाते. भागवताच्या आठव्या स्कंधातली ती कथा नीट वाचली तर दिसते, की मगराने पाय धरल्यावर गजेंद्र लगेच नारायणाला हाक मारत नाही. तो स्वतःच्या बळावर झुंजतो, त्याच्या कळपातले इतर हत्तीही त्याला ओढून काढू पाहतात, आणि ही झुंज हजार वर्षे चालली असे भागवतकार सांगतात. शक्ती पूर्ण ओसरल्यावर त्याला स्तोत्र सुचते. म्हणजे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध धावा हा शेवटचा धावा आहे, आणि तरीही देव त्यावर धावून आला.

द्रौपदीचेही तसेच आहे. सभेत फरफटत आणल्यावर ती आधी प्रश्न विचारते, की युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की मला, आणि स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय. सगळी सभा निरुत्तर होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य संहितेत कृष्णाच्या धाव्याचे श्लोक घेतलेलेच नाहीत. ते नंतरची भर म्हणून बाजूला ठेवले आहेत. यामुळे लोकमानसातल्या कृष्णाचे महत्त्व कमी होत नाही, पण द्रौपदीचा तो प्रश्न मला स्वतःला धाव्याइतकाच पवित्र वाटतो.

आता ताईंच्या बाजूचेही सांगते. गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, आणि त्यांत पहिले नाव आर्ताचे, म्हणजे पीडेने कळवळणाऱ्याचे आहे. ज्ञानी भक्त भगवंताला स्वतःचा आत्माच वाटतो हे खरे, पण त्याच श्लोकात तो या चौघांनाही उदार म्हणतो. गरज पडली म्हणून देव आठवला, असा टोमणा आपण एकमेकांना सहज मारतो; गीतेने तो मारलेला नाही.

नाखवा_वेसावे

मी पुस्तकातले सांगू शकत नाही, समुद्रावरचे सांगतो.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले तेव्हा आमची बोट जयगडच्या बाहेर खोल पाण्यात होती. वारा अचानक फिरला आणि लाटा नाळेवरून आत येऊ लागल्या. आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, वयस्कर आणि मोजके बोलणारा माणूस होता. त्याने कार्ल्याच्या दिशेने हात जोडून ‘आई एकविरे, पोरं तुझी आहेत’ एवढेच म्हटले आणि दुसऱ्या क्षणाला हुकूम सोडला की जाळे तोडा. त्या जाळ्याचे मोल लाखात होते आणि त्यावरचे कर्ज अजून फिटायचे होते. एरवी जाळे तोडायचे म्हटले असते तर आमच्यात तासभर वाद झाला असता. त्या वेळी कोणी शब्द काढला नाही. जाळे सोडल्यावर बोट हलकी झाली, तोंड वाऱ्याकडे धरता आले, आणि पंप बंद पडल्यावर आम्ही रात्रभर बादल्यांनी पाणी उपसत राहिलो.

शंतनूदादा म्हणतात ते मला मान्य आहे. त्या वादळात आमच्यासारखेच आईचे नाव घेणारे कितीतरी खलाशी परत आले नाहीत. आम्ही अधिक भक्तिमान होतो म्हणून वाचलो, असे मी कधीही म्हणणार नाही, कारण ते त्यांच्या घरच्यांच्या तोंडावर बोलण्यासारखे नाही. पण तांडेलाचे मन त्या एका हाकेने ठिकाणावर आले आणि जाळ्याचा मोह सुटला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. ती हाक मारायला एका श्वासाइतकाच वेळ लागला. डॉक्टरांची गाडी त्यामुळे थांबणार नाही.

शंतनू_भा

नाखवादादा, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. ज्यांचे परत आले नाहीत त्यांचा विचार करून कोणी श्रद्धेबद्दल बोलताना मी क्वचितच ऐकतो, म्हणून आपले विशेष आभार.

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून एक नोंद करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्यान्वये गुन्हा आहे. या कायद्याने प्रार्थनेला हात लावलेला नाही. प्रार्थना करणाऱ्याला शिक्षा नाही. दुसऱ्याचा उपचार अडवणाऱ्याला आहे. ही सीमारेषा मला अत्यंत योग्य वाटते, आणि आस्तिकांनी तिचे माझ्यापेक्षा अधिक उत्साहाने समर्थन करायला हवे.

केडगावकर

माझे आजोबा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नोकरीला होते, त्यामुळे पंडिता रमाबाईंच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. या धाग्यात त्यांचे नाव यायलाच हवे, कारण ‘आधी देव’ या वाटेची दोन्ही टोके त्यांनी एकाच आयुष्यात पाहिली.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान होते. पत्नीला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांनी समाजाचा रोष पत्करला आणि पुढे सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने संकटाला जे उत्तर दिले, ते रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. उरलेसुरले पैसे दानधर्मात आणि पूजाअर्चेत खर्च झाले, उपास झाले, व्रते झाली, देवापुढे बसून दिवस गेले. अंगमेहनतीचे काम कोणाला शिकवलेले नव्हते, आणि भीक मागणे कुळाच्या प्रतिष्ठेत बसत नव्हते. त्या काळात आधी वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास दोघेच उरले आणि पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले.

या अनुभवानंतर त्या देवाचे नावच टाकून देतील, असे कोणालाही वाटले असते. त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, आणि तो वाद येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. मला सांगायचे आहे ते १८९६-९७ च्या दुष्काळाबद्दल. मध्य प्रांतात लोक उपासमारीने मरत आहेत अशा बातम्या आल्या तेव्हा रमाबाईंना आपले बालपण आठवले. त्यांनी आधी प्रार्थनाच केली. परंतु या वेळी प्रार्थनेतून उठल्यावर त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्याच्या कडेला, दुष्काळी कामांच्या तळांवर बेवारस पडलेल्या शेकडो मुली आणि विधवा घेऊन परतल्या. पुण्यात त्याच वेळी प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांनी केडगावच्या शेतजमिनीवर छपरे घातली आणि तेथे मुक्ती उभी राहिली. तेथे मुली शेती शिकल्या, विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. आपल्याला जे शिकवले गेले नाही ते या मुलींना शिकवायचे, असा निश्चयच त्यामागे होता, अशी माझी समजूत आहे.

दोन्ही दुष्काळांत प्रार्थना पहिलीच होती. पहिल्या दुष्काळात प्रार्थनेनंतर काही करण्याची मुभाच त्या घराला नव्हती.

चंद्रभागा

केडगावकर, आपला प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. अनंतशास्त्रींच्या घराची श्रद्धा आपल्यापैकी कोणाहीपेक्षा कमी नव्हती. त्या घरात जे घडले त्याला मी अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू शकत नाही, आणि देवाची इच्छा म्हणून स्वस्थही बसू शकत नाही.

मला जे म्हणायचे आहे ते नाखवादादांच्या तांडेलाच्या उदाहरणाच्या अधिक जवळ आहे. घाबरलेला माणूस नेहमी स्वतःला वाचवण्याचाच विचार करतो, आणि तोही धड करीत नाही. त्या घटकेला देवापुढे मान झुकवली की भीतीचा ताबा थोडा सुटतो आणि आपल्यापेक्षा अडचणीत असलेला माणूस दिसू लागतो. आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली. पुढे विठू महाराच्या रूपात देवाने रक्कम भरली ही कथा सर्वांना पाठ आहे. मला त्या कथेतला आधीचा भाग मोठा वाटतो. कोठाराचे दार उघडताना दामाजींना देव येऊन पैसे भरणार आहे हे माहीत नव्हते. शिक्षा ठरलेलीच होती.

लातूरकर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आमच्या पंचक्रोशीतली माणसे गणपती विसर्जन करून नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार, यांमुळे घरेच माणसांच्या अंगावर आली. आधी कोणाला हाक मारायची, हे ठरवायला कोणालाही वेळ मिळाला नाही.

ज्या बाप्पाला रात्री वाजतगाजत निरोप दिला, त्याने पहाटेपर्यंतसुद्धा राखण केली नाही, असे माझी चुलती कित्येक वर्षे म्हणत असे. पुनर्वसनाच्या नव्या घरात पुढच्या भाद्रपदात मूर्ती आणायची की नाही यावर घरात वाद झाला, आणि शेवटी मूर्ती आणली ती चुलतीनेच. ती देवाशी बोलली, ते भांडून बोलली. भांडण हीदेखील प्रार्थनाच आहे, असे मी मानतो. यापलीकडे मला काही मांडता येत नाही.

नौगाव_ते_अश्दोद

इस्राएलमधून शलोम आणि नमस्कार. आम्ही बेने इस्राएल, मूळचे अलिबाग तालुक्यातले.

आमच्या समाजाची मूळ कथाच संकटाची आहे. नौगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि धर्मग्रंथांसह सर्व काही समुद्रात गेले, असे आमचे पूर्वज सांगत आले. पुढे शतकानुशतके कोकणात तेल गाळताना बहुतेक विधी विस्मरणात गेले, पण शनिवारची विश्रांती टिकली आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना टिकली. जन्म असो, लग्न असो वा मरण, ती एकच म्हटली जाई. आजही घरात अडचण आली की एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचा नवस बोलतात आणि अडचण निवारल्यावर पोहे, नारळ, गूळ आणि फळे मांडून तो फेडतात.

येथे हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला की आश्रयाच्या खोलीत जाण्यासाठी काही सेकंदच मिळतात. माझी आई जिना उतरता उतरता शमा म्हणत असे आणि खोलीचे दार बंद झाल्यावर स्तोत्रसंहितेतील १२१ वे स्तोत्र वाचत असे. माळकरी म्हणाले त्याचा प्रत्यय मला त्या जिन्यावर आला आहे.

मृद्गंध

मी सहसा केवळ वाचक असते. आज लिहिते आहे, कारण या धाग्यात एक गोष्ट स्पष्टपणे यायला हवी.

एप्रिल २०२१ मध्ये माझे यजमान करोनाने एका रुग्णालयात दाखल होते. मला आत जाता येत नव्हते. प्राणवायूचा साठा किती तास पुरेल याची चर्चा बाहेर उभ्या नातेवाइकांत चालू असे. मी लहानपणापासून रामरक्षा म्हणत आले आहे आणि त्या दिवसांत मला तिचा एकही श्लोक पूर्ण आठवत नव्हता. देवाकडे वळायचे मी टाळले, असे नाही. मनात काही हलतच नव्हते. आमच्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी फोन करीत आणि माझ्याशी काहीही न बोलता हरिपाठ म्हणत. मी फोन कानाला लावून बसत असे. ‘तुला जमत नाही तोवर तुझ्या वाटचे मी म्हणते’, असे त्या एकदा म्हणाल्या होत्या.

माझे यजमान वाचले नाहीत.

चंद्रभागाताई, आपण संकटाच्या पहिल्या घटकेला देवाकडे वळता का असे विचारले आहे. काही माणसांना त्या घटकेला वळताच येत नाही. त्यांच्या श्रद्धेत उणीव होती, असे कोणी म्हणू नये. आणि प्रार्थना पहिली असो वा शेवटची, फळाची हमी कोणीही देऊ नये. त्या महिन्यात ‘अमुक स्तोत्र अमुक वेळा म्हणा, प्राणवायूची पातळी वाढेल’ असे संदेश मला भल्या माणसांकडून येत होते. त्या संदेशांनी मला जे दुःख दिले ते अजून गेलेले नाही.

शंतनू_भा

मृद्गंधताई, आपले दुःख आपण येथे मांडलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. मी प्रार्थना करीत नाही, पण आपल्या शेजारच्या काकूंनी जे केले त्यापेक्षा मोठे काही मला सुचत नाही.

संहिता

भागवताच्या पहिल्याच स्कंधात कुंतीने कृष्णाकडे, आमच्यावर वारंवार संकटे येत राहोत, असे मागितले आहे, कारण संकटातच तुझे दर्शन घडते. हा श्लोक मी येथे देणार होते. मृद्गंध, आपला प्रतिसाद वाचल्यावर तो देताना मन कचरते.

मृद्गंध

संहिता, आपण श्लोक दिलात ते बरेच केलेत. कुंतीने तो सगळी संकटे भोगून म्हटला, तिला तो अधिकार होता. मला तो म्हणता येणार नाही आणि माझ्या मुलीला मी तो शिकवणार नाही. रामरक्षा मात्र पुन्हा म्हणू लागले आहे.

माळकरी

मृद्गंधताई, २०२० च्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि आम्ही घरी राहिलो. पिढ्यान्‌पिढ्यांची वारी चुकली. त्या वेळी आमच्या दिंडीतले वृद्ध वीणेकरी म्हणाले होते, की ज्याला चालता येत नाही त्याची वारी दुसऱ्याच्या पायांनी होते, हे आपण आजवर इतरांना सांगत आलो, आता ते आपल्याला ऐकायचे आहे. आपल्या काकूंनी आपली प्रार्थना तशीच केली. म्हणजे ती झाली, असे मी मानतो.

गावरहाटी

सिंधुदुर्गातून लिहितो. येथे बहुतेकांनी एकट्या माणसाच्या प्रार्थनेबद्दल लिहिले आहे. आमच्याकडे ती सगळ्या गावाची असते, म्हणून तीही सांगतो.

गावावर साथ आली, पाऊस लांबला किंवा एखाद्या घरावर आपत्ती आली, की ग्रामदैवतापुढे गाऱ्हाणे घातले जाते. रवळनाथ असो, सातेरी असो वा वेतोबा, गावकर, म्हणजे गावाचा मुख्य मानकरी, पुढे उभा राहून मोठ्या आवाजात देवाला सगळी हकीकत सांगतो, मागणे मांडतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ असे म्हणतात. परदेशी गेलेल्या लेकरांपासून गोठ्यातल्या गुरांपर्यंत सर्वांचा उल्लेख त्यात येतो. मृद्गंधताईंना ज्या वेळी शब्द सुचत नव्हते, तशा माणसासाठीच ही पद्धत आहे असे मला वाटते. त्याला बोलावे लागत नाही. गावकर बोलतो, आणि त्याने नुसते उभे राहिले तरी पुरते.

यात गैरप्रकार शिरलेले नाहीत असे मी म्हणणार नाही. कौल लावून आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवल्याचे मी ऐकले आहे, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. मानपानावरून भांडणे होऊन देवळे कुलूपबंद झाल्याचेही पाहिले आहे. पण गाऱ्हाण्याची आणखी एक बाजू आहे. माझ्या लहानपणी एका घरातला कर्ता पुरुष माडावरून पडून गेला. देवळात त्याच्या घरासाठी गाऱ्हाणे झाले, आणि त्या रात्री गावातल्या प्रत्येक घराला त्या घराची स्थिती ठाऊक झाली. त्या वर्षी त्यांची भातलावणी गावाने केली. देवाला सांगितलेले गावानेही ऐकले होते.

चंद्रभागा

माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग काय मागावे हा होता. आता मला वाटते, की आधी केवळ घडलेले सांगावे, जसे गावकर सांगतात. भांडावेसे वाटले तर लातूरकरांच्या चुलतीसारखे भांडावे. आणि मागायचेच झाले तर पुढचे काम करण्याइतके चित्त स्थिर राहो असे मागावे. बरे होण्याचे मागणेही चूक आहे असे मी म्हणत नाही. आईला लेकराचे आयुष्य मागू नकोस, असे कोणी सांगू शकत नाही. संकटात देवाकडे आधी वळावे हे माझे मत कायम आहे, पण ज्याला वळता येत नाही त्याच्या वतीने वळणे हे शेजाऱ्याचे काम आहे, ही गोष्ट मी मूळ लेखात लिहायला हवी होती, इतकी ती महत्त्वाची आहे.

तळकोकणी_डॉक्टर

गावरहाटी, आपल्याला एक विनंती आहे. गाऱ्हाण्याला सगळा गाव जमतो, आणि आरोग्य खात्याच्या कोणत्याही शिबिराला तसा जमत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या गाऱ्हाण्याच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात एक फलक लावता येईल का? साप चावल्यास दंशाची जागा कापू नये, घट्ट आवळून बांधू नये, हातपाय हलवू न देता रुग्णाला तात्काळ न्यावे, जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध आहे, आणि १०८ क्रमांक, एवढाच मजकूर हवा. देवाच्या दारात लावलेल्या फलकावर लोक जितका विश्वास ठेवतील, तितका माझ्या दवाखान्यातल्या फलकावर ठेवत नाहीत.

शंतनू_भा

फलकाचा खर्च मी देतो. एका गावापुरता नव्हे, तालुक्यातली जितकी देवस्थाने तयार होतील तितक्यांचा.

गावरहाटी

डॉक्टर, शंतनू, मानकऱ्यांच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवतो. एक अट मात्र आमच्याकडून राहील, की फलक गाऱ्हाणे झाल्यानंतर लावायचा आणि तो लावल्याचे गाऱ्हाण्यात देवाला सांगायचे. म्हणजे पुढच्या वेळी कोणी कौल मागायला आला, तर देवाला हे आधीच सांगितलेले आहे, तू रुग्णालयात चल, असे गावकराला म्हणता येईल. मजकूर मराठीत आणि मोठ्या अक्षरांत पाठवा. आमच्याकडे वाचणाऱ्यांत म्हातारी माणसे अधिक आहेत.